चौतीस इंच आणि एक ठिपका

बिबवेवाडी, पुणे
१२ जानेवारी २०२५

ताई,

फोनवर बोललं की तुझ्या सासूबाई 'कोण गं, अपेक्षा का?' म्हणत शेजारी येऊन बसतात, आणि आईला फोन केला की ती स्पीकरवर टाकून मेथी निवडते. म्हणून हा मेल. तुझ्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर निवांत वाच.

साखरपुडा होऊन महिना झाला. या महिन्यात विक्रम आणि मी एकदाही सिनेमाला गेलो नाही. आम्ही लोकांच्या घरी जाऊन मॉनिटर बघतो. लग्नानंतर मांजरी बुद्रुकच्या त्याच्या फ्लॅटमध्ये एकच टेबल मावणार आहे. त्यावर दिवसा माझं काम, रात्री त्याच्या गाड्यांच्या शर्यती. म्हणून दोघांत मिळून एक अल्ट्रावाइड घ्यायचा. म्हणजे आपला नेहमीचा पडदा दोन्ही बाजूंनी धरून ओढल्यासारखा लांबडा, जरासा वाकलेला, चौतीस इंची. मला एकीकडे ॲप आणि दुसरीकडे त्यातल्या चुका टिपायची जागा हवी असते, त्याला रस्त्याच्या दोन्ही कडा दिसायला हव्या असतात. आणि घ्यायचा तो वापरलेलाच. नवा घेतात ते मूर्ख, असं विक्रमचं मत आहे.

वापरलेली वस्तू म्हणजे काय, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. पहिला मॉनिटर इथेच बिबवेवाडीत, चार पोरं मिळून राहतात त्या फ्लॅटवर. दार उघडल्यावर जो वास आला तो अजून नाकातून गेलेला नाही. पडद्यावर शिंकांचे वाळलेले शिंतोडे. मी बोट दाखवलं तर विकणारा म्हणाला, "मॅट फिनिश आहे, मॅडम." दुसरा मॉनिटर स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून ठेवलेला. त्याच्या मागच्या फटींत फोडणीचा चिकट पिवळा थर, आणि त्या थरात रुतलेली मोहरी. तिसरा 'फक्त ऑफिसच्या कामाला वापरलेला' होता. त्याच्या खालच्या कडेला सिगारेटने भाजलेलं होतं आणि त्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. देवालाही लोक कशाकशाला कामाला लावतात. प्रत्येक घरातून उतरलं की मला हात कोपरापर्यंत धुवावेसे वाटतात.

विक्रम मात्र यात तरबेज आहे. पडदा आधी पूर्ण पांढरा करतो, मग काळा, मग लाल. एखादा ठिपका कायमचा मेलेला असेल, ज्याला डेड पिक्सेल म्हणतात, तर तो तेव्हाच दिसतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर, दोष शोधायचा पगार मला मिळतो, आणि इथे दोष शोधतो तो. कौतुकच वाटतं.

एकच खटकतं. विकणाऱ्याला तो दारातच अरे-तुरे सुरू करतो, आणि बोलता बोलता घरभर नजर फिरवून माणसाची नड किती आहे ते जोखतो. त्या पहिल्या फ्लॅटचा जिना उतरताना हसत म्हणाला, "याच्या बॅगा भरलेल्या दिसल्या ना? रविवारपर्यंत थांबू, आपोआप खाली येतो." मीही हसले. पण मला बरं वाटलं नाही. का मीच उगाच नाक मुरडते आहे?

अपेक्षा

*

दिग्रस
१९ जानेवारी

अपू,

सात वर्षं पुण्यात राहून तुझं नाक पुणेरी झालंय, बाकी काही नाही. वापरलेली वस्तू बघायला गेलीस आणि ती वापरलेली निघाली म्हणून तुला शिसारी येते. धन्य आहे.

तुझे भाऊजी दुकानदार सांगेल तो भाव देतात आणि वर त्याचेच आभार मानतात. पिशवी रिकामी करताना मी बोलते, ते ऐकून घेतात, आणि पुढच्या आठवड्यात तेच. त्यापेक्षा विक्रमराव परवडले. घासाघीस करणारा माणूस संसाराला बरा. नड बघून भाव करायचा नाही तर काय कपडे बघून करायचा? संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाजी का स्वस्त होते? आपण तेव्हाच जातो ना?

आईला थोडंसं सांगितलं तर म्हणाली, "काऊन वं ते पोरगी इतकी किरकिर करते? चांगलं घर भेटलं, नोकरीवाला पोरगा भेटला." तिचंही खोटं नाही. दारव्ह्याच्या आपल्या घरातून तुझी दोन स्थळं कशी परत गेली ते तिनंच पाहिलंय.

आणि एक. हॉल, जेवण, मानपान याचं तू बाबांना विचारत जाऊ नकोस. परवा तू विचारलंस, तर ते उठून अंगणात गेले. बैठकीत मोठ्यांचं जे बोलणं झालं ते झालं, मुलीने ते उकरायचं नसतं. तू मॉनिटर बघ, साड्या बघ, हात धू.

ताई

*

बिबवेवाडी
३ फेब्रुवारी

ताई,

मॉनिटर घेतला. कसा घेतला ते नीट वाच, मला ते पुन्हा सांगवणार नाही.

काल कसबा पेठेत गेलो. गाडी लांब लावून बोळांतून चालत. वाटेत विक्रमने माझी काजळाची पेन्सिल मागून घेतली. पत्ता लिहून घ्यायचाय आणि पेन नाही, म्हणाला. पत्ता त्याच्या मोबाईलवरच होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

विकणाऱ्या बाईंचं नाव मंदाकिनीबाई. साठी ओलांडलेली. पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावून देण्याचं काम करायच्या. त्या पडद्यावर डावं आणि उजवं पान शेजारी शेजारी, पूर्ण आकारात दिसायचं, म्हणून तो घेतला होता. मॉनिटरवर स्वतः शिवलेलं सुती कव्हर. खोका, बिल, वायरी सगळं जागेवर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या घरात मला किळस आली नाही.

का विकताय, विचारलं. म्हणाल्या, "डोळे गेले. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तुमच्याकडे सरळ पाहिलं तर तुमचे कान दिसतात, चेहरा पुसलेला. पुस्तकाला कान असून भागत नाही." अगदी कोरडेपणाने सांगितलं. कीव करायला जागा ठेवली नाही.

त्या पाणी आणायला आत गेल्या. भिंतीला हात लावत जात होत्या म्हणून मीही मागोमाग गेले. पेले घेऊन आलो तोवर विक्रमने पडदा पांढरा करून ठेवला होता. म्हणाला, "आजी, हे काय? डेड पिक्सेल आहे की. तोही मधोमध." मी वाकून पाहिलं. खरंच होता, काळा, राईएवढाही नाही, पण पांढऱ्यावर उठून दिसणारा. आणि ताई, मी म्हणाले, "हो, आहे."

बाईंनी बोट पुढे केलं. "पुसून पाहू का?" विक्रमने त्यांचा हात धरला. "नको नको, दाबलं की पसरतं." मग त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, "या मुलीने पाहिलंय ना, मग झालं. माझ्या लक्षात आलं नाही. डाग असलेल्या वस्तूची मी पूर्ण किंमत सांगितली, माफ करा." विक्रमने निम्मी सांगितली. त्यांनी दिला. वर कव्हरही दिलं.

तिथून मांजरीला, त्याच्या घरी. मालनबाई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, बघायला येऊन बसल्या. विक्रमने मॉनिटर लावला, पांढरा केला, अंगठा जिभेला लावला आणि तो ठिपका पुसला. गेला. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "तुझंच काजळ. टीमवर्क." मालनबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "खोट काढल्याबिगर भाव उतरत न्हाय, पोरी. शिकून घे जरा." मग त्याने अंगठा पँटला पुसला आणि त्याच हाताने मला पेढा दिला. नवीन वस्तू आली, तोंड गोड कर.

मी तो खाल्ला. त्या क्षणी काय करायचं ते कळलं नाही म्हणून खाल्ला. खोलीवर येऊन किती चुळा भरल्या तरी ती चव जात नाही. शिंका, मोहरी, सिगारेट हे सगळं धुऊन गेलं असतं.

मला त्याची किळस येते, ताई. रागापेक्षा ती वाईट, राग निवळतो तरी. मी त्याचे फोन घेत नाहीये. हॉल ठरलाय, पत्रिका छापायला जायच्या आहेत, आणि काजळाच्या ठिपक्यावरून लग्न मोडलं तर गावात मलाच वेडी ठरवतील, हे मला समजतं. पण या हाताने तो मला कुंकू लावणार, एवढंच डोक्यात येतं. काय करू ते लिही. बाबांना अजून सांगू नकोस.

अपेक्षा

*

मांजरी बुद्रुक
६ फेब्रुवारी

आदरणीय वैष्णवीताई,

तुमचा मेल आयडी अपेक्षाच्या लॅपटॉपवर पाहिला होता, म्हणून लिहितोय. राग मानू नका. अपेक्षा चार दिवस माझा फोन उचलत नाही. कारण फारच सिली आहे. एका मॉनिटरच्या डीलमध्ये मी थोडं निगोशिएशन केलं, ते तिला लागलं. तुम्ही मोठ्या आहात, संसारी आहात, तुम्हाला कळेल.

त्या आजींचं काही नुकसान झालं नाही. त्यांना तसाही तो उपयोगाचा नव्हता. घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं, कॅश मिळाली. आणि फायदा कुणाचा? मॉनिटर मी काय एकट्यासाठी घेतलाय का? तिच्याच कामाला येणार आहे.

आमच्या आईचा एक रूल आहे. व्यवहार कुठलाही असो, आधी खोट काढायची, मग समोरचा स्वतःहून खाली येतो. आता आपल्या बैठकीचंच घ्या ना. आईने मंगळाचं काढलं होतं, आठवतं? अपेक्षाला कुठला आलाय मंगळ! आमच्या गुरुजींनी पत्रिका उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. पण बोलणी अर्ध्या तासात उरकली की नाही? तुमच्या बाबांनी मनाला लावून घेतलं का? नाही. दोन्ही घरं आनंदात. मोठी माणसं असं स्पोर्टिंगली घेतात. तेवढंच तिला समजावून सांगा.

तिला मी मनापासून पसंत केलंय, हे तुम्हाला माहीतच आहे.

आपला,
विक्रम

*

दिग्रस
१६ फेब्रुवारी

अपू,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी दारव्ह्याला जाऊन आले. विक्रमने मला मेल केला होता, तो खाली जोडलाय. आधी तो वाच, मग हे.

वाचलास? तर बैठकीत हे झालं होतं. सगळं जुळत आलं होतं, खर्च अर्धा-अर्धा ठरला होता, आणि मालनबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या की मुलीला सौम्य मंगळ हाय, आमच्या गुरुजींनी सांगितलंय, आमाला चालंल पर भाऊबंद काय म्हंत्याल. मग गप्प बसल्या. बाबांनीच शेवटी म्हटलं की दोन्हीकडचा खर्च आम्ही करतो, मानपान तुमच्या मनासारखं करतो. त्या म्हणाल्या, मग बघू या. दोन स्थळं आधीच गेलेली, हे त्यांना आमच्याच तोंडून कळलं होतं. विक्रमने तुझ्या पहिल्या विकणाऱ्याच्या बॅगा पाहिल्या ना, तशा त्यांनी आमच्या पाहिल्या.

घरी येऊन आपल्या गुरुजींना पत्रिका दाखवली. ते म्हणाले, मंगळ शोधूनही सापडत नाही. आई म्हणाली, त्यांना सांगू या. बाबा म्हणाले, "त्यायले दिसला असन, कायले वाद वाढवता." आणि तुला सांगायचं नाही असं ठरलं. कळलं असतं तर तू तिथेच नकार दिला असतास. मी बाबांच्या शेजारी बसले होते. मीही मान हलवली. तुला घासाघिशीवर व्याख्यान देताना हे सगळं मला माहीत होतं. मला वाटत होतं, त्यांच्या गुरुजींची चूक झाली असेल. चूक समजून गिळलं होतं मी ते. त्याने इतक्या मोकळेपणी लिहिलं, आणि मला तुझ्या त्या पेढ्याची चव कळली.

विक्रमचा मेल मी बाबांना वाचून दाखवला. तू सांगू नकोस म्हणाली होतीस, मी सांगितलं. 'मोठी माणसं असं स्पोर्टिंगली घेतात' इथे त्यांनी विचारलं, "याचा अर्थ काय?" मी म्हटलं, हसून सोडून देतात. बाबा म्हणाले, "पुण्याची गाडी किती वाजता असते?"

लग्न करायचं की नाही ते तू ठरव. मी या वेळी काहीच सुचवणार नाही. मला तो अधिकार राहिलेला नाही.

ताई

*

बिबवेवाडी
२४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्यावर मी रागावले आहे. तो राग भेटल्यावर काढीन, लिहून वाया घालवत नाही.

तुझा मेल यायच्या आधीच मी कसबा पेठेत जाऊन आले होते. विक्रमने जेवढे पैसे कमी दिले तेवढे घेऊन गेले आणि मंदाकिनीबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ दे बाळ, पैसे राहू देत. तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "पैसे माझेच आहेत, तेव्हा घेते. आभार मानणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. मग त्यांनी विचारलं, "पेन्सिल तुमची होती हे समजलं. पण 'हो, आहे' म्हणालात, ते कुणाच्या डोळ्यांनी?" दोष शोधायची नोकरी करते मी, आणि नखाने खरवडून पाहायचं मला सुचलं नाही. तो म्हणाला म्हणून मला दिसलं तेच खरं वाटलं. निघताना त्यांनी दारात विचारलं, "लग्न त्याच्याशीच का?" मी म्हटलं, ठरलंय. त्या म्हणाल्या, "माझा नुसता मॉनिटर गेला," आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तुझा मेल आला. खरं सांगते, मंगळाचं वाचून मला धक्का बसला नाही. त्या बाईंच्या पडद्यावर ठिपका लावायला त्याला दोन मिनिटं लागली होती. माझ्यावर लावायला मालनबाईंना चहा संपायचाही धीर निघाला नाही. आणि दोन्ही वेळा आपल्याच माणसांनी 'हो, आहे' म्हटलं. एकदा मी, एकदा तुम्ही.

बाबा परवा सकाळी उतरले. चहा घेतला, शर्ट बदलला आणि म्हणाले, चल. मांजरीत पोचलो तेव्हा विक्रम खेळत होता. त्याने शर्यत मध्येच थांबवली आणि बाबांच्या पाया पडला. मी म्हटलं, "मला हे लग्न करायचं नाही. मी मंदाकिनीबाईंना उरलेले पैसे देऊन आलेय." त्यावर त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "किती दिलेस?" ताई, त्या क्षणापर्यंत माझ्या मनात कुठेतरी होतं की तो ओशाळेल, निदान तसं नाटक तरी करेल. मी त्याच्याकडे बघत राहिले. दिसायला चांगला आहे तो. मला त्याच्याकडे बघवेना.

मालनबाई आधी गोड बोलल्या. पोरं हायती, भांडत्यात, आपुन मोठ्यांनी समजून घ्यावं. मग खर्च पुन्हा अर्धा-अर्धा करू म्हणाल्या, जसं काही आम्ही भाव वाढवायला आलो होतो. तेही लागू पडेना, तेव्हा मालनबाईंचा आवाज बदलला. "साखरपुडा मोडल्याली पोरगी म्हंजी डाग लागला की पावनं. आता हिला कोण करून घेनार हाय?" असं म्हणून त्या बैठकीत बसल्या असतील तशाच गप्प बसल्या आणि बाबांच्या तोंडाकडे बघू लागल्या.

मीही बघत होते. मला भीती वाटत होती की बाबा आता काहीतरी कबूल करतील. तेवढं झालं असतं तर मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नसते.

बाबा उठले. म्हणाले, "माह्या पोरीत मंगळ नोता, तरी मी मान खाली घातली. हा डाग खरा हाय. हा मले चालते."

आणि त्यांनी दारातल्या माझ्या चपला पायाने सरळ करून माझ्यापुढे सरकवल्या.

अपेक्षा